जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनातील बिघाड : कारणे आणि तपासणीचा क्रम

बजाज चेतक, एलएमएल वेस्पा यांसारख्या गिअरच्या टू-स्ट्रोक स्कूटरची निर्मिती थांबून बराच काळ लोटला आहे. तरीही देशाच्या अनेक भागांत त्या वापरात असून त्यांची खरेदी-विक्रीही सुरू असते. अशी स्कूटर घेतल्यावर सुरुवातीच्या दिवसांत इंजिनाच्या तक्रारी उद्भवणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी बऱ्याच तक्रारी किरकोळ असतात. मात्र तपासणीचा क्रम चुकल्यास पिस्टन-बोअरचे खर्चिक काम विनाकारण काढले जाते.

पार्श्वभूमी

इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा परवाना करार १९७१मध्ये संपुष्टात आल्यानंतर बजाज ऑटोने १९७२मध्ये चेतक बाजारात आणली. तिचे सुमारे १४५ घनसेंटिमीटरचे इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूस बसवलेले असते. पेट्रोलची टाकी आसनाखाली असून तेथून पेट्रोल पंपाविना, केवळ उतारामुळे कार्ब्युरेटरमध्ये येते. २०२०मध्ये याच नावाने विक्रीस आलेली स्कूटर विजेवर चालते. तिला हे विवेचन लागू नाही.

ऑइलचे प्रमाण

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि क्रँकच्या वंगणासाठी स्वतंत्र साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑइल हेच त्यांचे वंगण असते. हे प्रमाण साधारणपणे २ टक्के, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर इतके असते. फोर-स्ट्रोक गाडीची सवय असलेला नवा मालक अनेकदा नुसतेच पेट्रोल भरतो. अशा वेळी पिस्टन तापून बोअरमध्ये अडकतो, इंजिन 'सीझ' होते आणि धावत्या स्कूटरचे मागचे चाक एकाएकी जाम होऊ शकते. इंजिनाचा वेग अचानक मंदावून ते अडखळू लागल्यास क्लच तत्काळ दाबून स्कूटर रस्त्याच्या कडेला घेणे आवश्यक असते. ऑइल प्रमाणाबाहेर झाल्यास धूर वाढतो आणि प्लग काळा पडतो.

स्कूटर सुरू होत नसल्यास

तपासणी पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन या क्रमाने करावी.

पेट्रोल : दीर्घकाळ उभ्या असलेल्या स्कूटरमधील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्यानंतर पेट्रोलचा कॉक, गाळणी आणि कार्ब्युरेटरचे जेट साफ करावेत. स्कूटर प्रत्येक वेळी कलती करूनच सुरू करावी लागत असेल, तर टाकीत पेट्रोल कमी असण्याची किंवा त्याच्या मार्गात अडथळा असण्याची शक्यता असते. काही किलोमीटर गेल्यावर इंजिन बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते, तसेच जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्यामुळे खराब होऊ शकतात. त्यामुळे गळतीची पाहणी अगत्याची ठरते.

ठिणगी : पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढावा, तो टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. ठिणगी निळसर व जोरकस दिसली पाहिजे. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असल्याने प्लग त्यापासून दूर धरावा. सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. प्लगच्या टोकाचा रंग तपकिरी असल्यास मिश्रण योग्य असते. ओलसर काळेपणा पेट्रोल किंवा ऑइल अधिक झाल्याचे दर्शवतो, तर पांढुरके टोक इंजिन अधिक तापत असल्याची सूचना देते. थंड असताना सुरू होणारे इंजिन तापल्यावर सुरू होत नसेल आणि त्या वेळी ठिणगीही मिळत नसेल, तर कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल तपासावी लागते.

कॉम्प्रेशन : पेट्रोल व ठिणगी दोन्ही योग्य असूनही इंजिन सुरू होत नसेल, तरच हा टप्पा येतो. किक अगदी सैल लागणे हे पिस्टन-रिंग किंवा बोअर झिजल्याचे, अथवा सिलिंडर हेडमधून हवा निसटत असल्याचे लक्षण होय.

चालताना जाणवणारे दोष

चढावर ओढ कमी पडणे आणि वेग न वाढणे यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे सायलेन्सरमध्ये व एग्झॉस्टच्या तोंडाशी साचलेला कार्बन. तो साफ केल्यावर पुष्कळदा ताकद परत येते.

क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. क्लचच्या बाजूचे सील खराब झाल्यास गिअरचे ऑइल इंजिनात ओढले जाते. दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील ऑइल घटत जाते. फ्लायव्हीलच्या बाजूचे सील फुटल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग चढाच राहतो. केबल अडकलेली नसताना असे होत असेल, तर स्कूटर चालवणे थांबवावे, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही अपुरे मिळून पिस्टन अडकण्याचा धोका असतो.

खरेदीपूर्वी

विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनावरून अंदाज बांधू नये. इंजिन थंड असताना ते किती किकमध्ये सुरू होते, हे पाहावे. इंजिन व चॅसिसचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून घ्यावेत. स्कूटर टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, याचीही खातरजमा करावी, कारण नंतरच्या काळात गिअरच्या स्कूटर दोन्ही प्रकारांत मिळत होत्या. तपासणीसाठी इंजिन बंदिस्त खोलीत सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो.