एकविशीची अट आणि रस्त्याचा पैसा

अमेरिकेत बिअरचे कॅन गल्ल्यावर ठेवले की आधी ओळखपत्र दाखवावं लागतं. कित्येक राज्यांत २१ वर्षांखालच्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स मुद्दाम उभं छापतात. गल्ल्यावरच्या पोराला एका नजरेत कळतं. देशभर सारखी दिसणारी ही एकविशीची अट केंद्राने घातलेली नाही. निदान कागदोपत्री तरी नाही.

१९३३ साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली आणि दारूचे कायदे राज्यांच्या हाती गेले. (आकडा जुळला, तो योगायोग.) बहुतेकांनी २१ ची अट घातली, कारण जुन्या इंग्रजी कायद्यानुसार माणूस सज्ञान व्हायचा तो त्याच वयाला. मग व्हिएतनामचं युद्ध आलं. अठराव्या वर्षी लढायला पाठवलेल्यांना १९७१ मध्ये मतही मिळालं. मग बिअरनेच काय घोडं मारलंय? पाच-सहा वर्षांत जवळपास तीस राज्यांनी वय खाली आणलं, पण ज्याने त्याने आपापल्या मर्जीने. इकडे १८, हद्दीपलीकडे २१. पोरं गाडी काढून शेजारच्या राज्यात प्यायला जायची आणि परतताना अपघातात सापडायची.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला मद्यधुंद चालकाने चिरडलं. तो चालक काही अल्पवयीन नव्हता. पण लाइटनर यांनी उभारलेल्या मातांच्या संघटनेने वयाची अटही लावून धरली आणि वॉशिंग्टनला हलवलं.

विषय राज्यांचा, मग केंद्राने नाक दाबलं. १७ जुलै १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने एवढंच म्हटलं, की २१ च्या आतल्यांना दारू विकत घेऊ देणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी कापू. आधी ५ टक्के, पुढे १०. एकोणीस वर्षांच्यांना सौम्य बिअर विकू देणारं साउथ डाकोटा कोर्टात गेलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की कापली जाणारी रक्कम तशी थोडीच, तेव्हा ही सक्ती नव्हे. मला ही मखलाशी वाटते. शेवटी १९८८ मध्ये वायोमिंगही वळलं.

सगळ्यांत बेरकी निघालं लुइझियाना. त्याला निधी हवा होता आणि गिऱ्हाईकही. कायद्यात खरेदीचं वय २१ झालं खरं. पण अठरा ते वीस वर्षांच्यांना दारू विकणाऱ्या दुकानदाराला शिक्षाच नव्हती. ही पळवाट १९९५ पर्यंत उघडी होती.