कोशांत ठेवलेल्या युद्धनौका

ज्या जहाजांनीं युद्ध जिंकलें, तीं शांततेच्या काळांत कशीं राखावीं, हा प्रश्न १९४५ सालीं अमेरिकन आरमारापुढें उभा राहिला. पूर्वानुभव सुखाचा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळांतील ५० विनाशिका १९४० सालीं ब्रिटनला देण्यांत आल्या, तेव्हां त्यांतील अनेकींना डागडुजीवांचून समुद्रावर धाडणें अशक्य ठरलें. शत्रूच्या तोफांना जें साधलें नव्हतें, तें दमट हवेनें साधलें होतें.

वंगणाचा जाड थर देणें हा जुना उपाय. पण तो काढणें मोठें जिकिरीचें. त्यावर निघालेली तोड म्हणजे पिचकारीनें फवारावयाचें आणि पुढें सालीप्रमाणें सोलून टाकतां येणारें, रबरासारखें लवचिक व्हिनाईलचें आवरण. रेशमाच्या किड्यावरून त्याला 'कोश' असेंच नांव पडलें.

उघड्या डेकवरील ४० मिलिमीटरच्या तोफांवर प्रथम चिकटपट्ट्यांचें जाळें ताणीत. त्यावर एका खास मिश्रणाचा फवारा सोडला कीं त्याचे हवेंतच तंतु होत व कोळिष्टकाप्रमाणें पट्ट्यांमधील पोकळी भरून काढीत. मग व्हिनाईलचे थर, त्यांवर डांबरी लेप आणि शेवटीं अ‍ॅल्युमिनियमचा रंग. खरी कसोटी चिकटण्याची होती. कोशाची कड रंगविलेल्या डेकला घट्ट धरून राहिली नाहीं, तर पाणी आंत शिरावयाचें. ती फारच घट्ट बसली, तर सोलतांना खालचा रंगही उचलून आणावयाची. थर पातळ असला तर काढतांना त्याच्या चिंध्या होतात. पुरेसा जाड असला तर तो कातड्यासारखा सलग निघतो. सगळी जाडी एकदम दिली तर ओघळ येतात. पातळ हात द्यावा, सुकूं द्यावा, मग दुसरा द्यावा, हें रंगाऱ्याचें जुनेंच शहाणपण येथें कामास आलें!

कोश कितीही घट्ट असला तरी आंत कोंडलेल्या दमट हवेचें काय? म्हणून यंत्रानें वाळविलेली हवा जहाजांत खेळवून आर्द्रता सुमारें ३० टक्क्यांवर राखीत.

जून १९५० मध्यें कोरियांत युद्ध पेटलें. ३० जून १९४८ रोजीं बेयॉन बंदरांत सेवानिवृत्त केलेली 'न्यू जर्सी' ही युद्धनौका २१ नोव्हेंबर १९५० रोजीं पुन्हा सेवेंत आली आणि १९५१ च्या मे महिन्यांत वॉन्सानच्या किनाऱ्यावर तिच्या तोफा धडाडल्या. मध्यें अडीच वर्षांचाही काळ लोटला नव्हता, हें खरें. तरीही जुन्या विनाशिकांच्या मानानें हें यश लहान म्हणतां येणार नाहीं.

अ‍ॅरिझोनांतील टूसॉनच्या वाळवंटी तळावर साठविलेल्या विमानांसाठींही हीच विद्या वापरली गेली. तेथें पाऊस थोडा, ऊन मात्र दारुण. 'स्प्रेलॅट' नांवाच्या सोलतां येणाऱ्या द्रव्याचा आधीं काळा व वर पांढरा थर विमानांच्या खिडक्यांवर आणि पाठीकडील फटींवर देत. काळा थर फटी बुजवी, पांढरा ऊन परतवी. त्यामुळें आंतील तपमान बाहेरच्यापेक्षां १० ते १५ अंश फॅरनहाइटच अधिक राही. विमानाचें पोट मात्र हेतुपुरस्सर उघडें ठेवीत. सर्वांग लिंपण्याच्या मोहास बळी न पडण्यांत मोठाच समंजसपणा होता, कारण आंत शिरलेला ओलावा त्या वाटेनें खालीं निघून जाई.