पैठणचा दगड, खंभातची धूळ

मागच्या उन्हाळ्यात पैठणला गेलो होतो. गोदावरीच्या कोरड्या पात्रात एक ओबडधोबड दगड उचलला, उन्हात धरला, तर आत मधाच्या रंगाचे पट्टे. अकीक! ठरवलं, याचा कॅबोशॉन करायचा. म्हणजे खालून सपाट, वरून घुमटासारखा गुळगुळीत खडा, अंगठीत बसवतात ना, तसा.

बाल्कनीत ग्राइंडर लावला आणि कोरडाच घासायला बसलो. पाच मिनिटांत सगळीकडे पांढरी धूळ. आई ओरडली. मला वाटलं, पसाऱ्यासाठी ओरडतेय. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं, प्रकरण पसाऱ्याचं नाहीच.

आधी दगडाची गोष्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले. त्या पोकळ्यांमध्ये पाण्यातून आलेली सिलिका थराथराने साचली, तोच अकीक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत चक्क पैठणचा उल्लेख आहे. इथून असे पट्टेदार दगड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात नेत. म्हणजे मला सापडला तो सातवाहनांच्या काळातला एक्स्पोर्टचा माल!

गुजरातमध्ये ही कारागिरी त्याहूनही जुनी. लोथलला हडप्पा काळातला मण्यांचा कारखाना सापडलाय. पुढे खंभात हे मोठं केंद्र झालं. रतनपूरच्या खाणीतला दगड उन्हात वाळवायचा, मडक्यात भाजून लाल करायचा, मग लोखंडी टोकाला टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढायचे. हे अजूनही चालतं.

पुढचं काम घासण्याचं, आणि खरा घात तिथेच. विजेवर फिरणारी एमरीची चाकं आली, वेग वाढला, धूळही वाढली. सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात रुततात, तिथे व्रण पडतात, दम लागायला लागतो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि वर टीबीचा धोका वाढवतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांमध्ये तो नोंदवलाय. बरीच कामं घरातच चालतात, त्यामुळे धूळ पोरांच्या श्वासातही जाते.

मी काय, मशीन बंद केलं आणि लॅपटॉप उघडला. त्यांचं पोट त्या चाकावर आहे.

आता मी चाकावर सतत पाणी सोडतो, मास्क लावतो आणि खाली साचलेला चिखल वाळू न देता ओल्या फडक्याने पुसतो. आधी ८० नंबरचं जाडंभरडं चाक, मग २२०, ६००, १२०० करत शेवटी सेरियम ऑक्साइडने पॉलिश. पैठणचा खडा आता आईच्या अंगठीत आहे.

तुम्हीही करून बघा, पण कोरडं घासू नका. आणि जत्रेत अकीकाची माळ स्वस्तात मिळाली, तर ती घासणाऱ्याची एकदा आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!