बोस्टनचा कैदी

२ जून १८५४. अमेरिकेतील बोस्टन शहराने त्या दिवशी जणू सुतक धरले होते. इमारतींवरून काळी वस्त्रे लोंबत होती. एके ठिकाणी रस्त्यावर शवपेटी टांगली होती आणि तिच्यावर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द लिहिला होता. दुतर्फा सुमारे पन्नास हजार माणसे उभी होती आणि संगिनींच्या पहाऱ्यातून वीस वर्षांचा एक तरुण बंदराकडे चालला होता. त्याचे नाव अँथनी बर्न्स. गुन्हा एवढाच, की व्हर्जिनियातील धन्याच्या ताब्यातून तो पळून आला होता.

एका माणसासाठी एवढा लवाजमा कशाला? त्यासाठी चार वर्षे मागे जायला हवे. उत्तरेच्या राज्यांनी आपल्या हद्दीतली गुलामी मोडीत काढली होती. दक्षिणेचा कापूस मात्र गुलामांच्याच घामावर पिकत होता. १८५० साली कॅलिफोर्निया गुलामीमुक्त राज्य म्हणून संघात आले, तेव्हा दक्षिणेची समजूत काढण्यासाठी एक कडक कायदा झाला. पळालेला गुलाम कुठेही सापडो, तो धन्याच्या हवाली करायचा. त्याला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस परत धाडला तर दहा डॉलर, सोडला तर पाच!

मुत्सद्द्यांना वाटले, तंटा मिटला. झाले उलटेच. तोवर उत्तरेतल्या साध्या गृहस्थाला गुलामी ही दूरची गोष्ट होती. वाईट खरी, पण आपल्या उंबऱ्याबाहेरची. नव्या कायद्याने ती त्याच्या दारात आणली आणि त्यालाच दोर धरायला सांगितले. बोस्टनचे धनाढ्य कापडव्यापारी एमस लॉरेन्स यांनी लिहून ठेवले आहे, की रात्री आम्ही जुन्या वळणाचे, सबुरीचे लोक म्हणून निजलो आणि सकाळी गुलामीचे कट्टर वैरी होऊन उठलो.

पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने या कायद्याच्या वाटेत अडसर घातले. दक्षिणेला तो विश्वासघात वाटला. लिंकन निवडून आल्यावर, २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना संघातून फुटले. फुटण्याची जी कारणे त्या राज्याने जाहीर केली, त्यांत उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत, ही ठळक तक्रार होती. १८६१ च्या एप्रिलमध्ये तोफा धडाडल्या.

आणि बर्न्स? बोस्टनच्या लोकांनी वर्गणी काढून १८५५ साली त्याला तेराशे डॉलरना सोडवले. पुढे तो कॅनडात धर्मोपदेशक झाला आणि १८६२ साली वारला. १८६५ ची सर्व गुलामांची मुक्ती पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केले. बर्न्सला सोडवण्यासाठी ज्यांनी आपली थैली मोकळी केली, तेही त्यांतलेच.