परळची चिठ्ठी

जिभेच्या कडेची न भरणारी जखम, गालाच्या आतला पांढरा चट्टा. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तोंडाच्या कर्करोगाशी त्याची गाठ आहे. तंबाखू-चुना, मशेरी, पुढे गुटखा; कारणे घरोघरची. तोंडातला रोग कापून काढायचा, यावर सर्जनांत दुमत नव्हते. वाद होता मानेचा.

हा रोग पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत. गाठ हाताला लागली तर ती काढायचीच. पण काहीच लागले नाही तर? आत रोग दडलेला असेल, नसेलही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली १३२ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि अख्खी मान साफ करण्याची पद्धत रूढ झाली. त्यात ग्रंथींबरोबर मानेचा मोठा स्नायू आणि मुख्य शीरही जाई. खांद्याची नस कापली गेली की हात धड वर होत नसे. पुढे हे सारे राखणारी शस्त्रक्रिया आली, तरी प्रश्न उरलाच. एक पक्ष म्हणे, आत्ताच काढा. दुसरा म्हणे, थांबा, गाठ आली तर बघू. दोघांकडे बरे झालेले रुग्ण होते. पण कोणाची मान उघडायची हे डॉक्टरच ठरवत, त्यामुळे तुलना रास्त होतच नव्हती.

याच प्रश्नावर फ्रान्समध्ये ७५ आणि खुद्द टाटात ७० रुग्णांवर झालेल्या क्लिनिकल ट्रायलचे निकाल अनुक्रमे १९८० आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्यांवरून निवाडा होणे कठीण होते.

२००४ मध्ये टाटातले सर्जन डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न मोठ्या संख्येने विचारायला घेतला. रोग सुरुवातीचा, मानेत काही लागत नाही, असे रुग्ण निवडले. संमती घेतली आणि चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. तोंडाची शस्त्रक्रिया सगळ्यांचीच झाली. एका गटात मान त्याच वेळी साफ केली, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत थांबून वरचेवर तपासणी ठेवली. आपल्या जिवाचा प्रश्न असताना चिठ्ठीला हो म्हणणे सोपे नाही. त्या माणसांची नावे कुठल्याही शोधनिबंधात नाहीत, आणि पुढचा निकाल त्यांच्याच होकारावर उभा आहे.

पहिल्या ५०० रुग्णांची आकडेवारी २०१५ साली शिकागोच्या कर्करोग परिषदेत मांडली गेली. तीन वर्षांनी लगेच मान साफ केलेल्या गटातले ८० टक्के हयात होते, थांबलेल्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान वेळीच साफ केली तर एकाचा मृत्यू टळतो. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. सर्जनच्या हाती आधीपासून असलेलीच शस्त्रक्रिया, फक्त कधी करायची ते पक्के झाले.

त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघाला: सगळ्यांचीच मान कशाला उघडायची? रोग सर्वांत आधी ज्या ग्रंथीत शिरेल तेवढीच काढून तपासली तर? त्यावर फ्रान्स आणि जपानमध्ये ट्रायल झाल्या. २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालांत या मार्गाने गेलेले रुग्ण जगण्यात मागे पडले नव्हते.