डीडॉस हल्ला: नेम इंटरनेट कंपनीवर, गाडी अडते भोसरीत

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या पुरवठादाराचा माल चाकणच्या वाहन कारखान्याकडे निघायचा आहे. वर्षाची उलाढाल ५ कोटींहून जास्त असेल, तर सरकारी पोर्टलवरून ई-इन्व्हॉइसचा क्रमांक मिळाल्याशिवाय बिल वैध ठरत नाही. नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं, तर गाडी भरलेली आणि कागद नाही, अशी गत होते.

इंटरनेट जाण्यामागे डीडॉस हल्ला असू शकतो. यात चोरी होत नाही. हजारो उपकरणं एकाच पत्त्यावर एकदम निरर्थक माहिती पाठवत राहतात आणि इंटरनेट कंपनीची लाइनच तुंबते. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर झालेला रॅन्समवेअर हल्ला यापेक्षा वेगळा. रॅन्समवेअर डेटा कुलूपबंद करतं आणि खंडणी मागतं.

मुंबईने हा प्रकार अनुभवला आहे. जुलै २०१६ मध्ये शहरातल्या काही इंटरनेट कंपन्यांवर डीडॉस हल्ला झाला. सेकंदाला २०० गिगाबिटपर्यंत मारा झाल्याची माहिती तेव्हा समोर आली आणि पोलिसांत गुन्हाही दाखल झाला.

कंपनी हा मारा अडवत का नाही?

छोट्या स्थानिक कंपन्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतात. वरून येणारी लाइनच भरली, तर खाली बसवलेल्या फायरवॉलचा उपयोग नाही. चाकण चौकात कोंडी असेल तर कारखान्याचं गेट रुंद करून काय होणार? मारा वरच, मोठ्या कंपनीकडे गाळावा लागतो आणि त्या सेवेचे पैसे पडतात.

फुकटातला उपाय म्हणजे 'ब्लॅकहोल'. ज्या ग्राहकाच्या पत्त्यावर मारा होतोय, त्याच्याकडे जाणारी सगळी वाहतूक टाकून द्यायची. शेजारचे वाचतात. तो ग्राहक मात्र पूर्ण बंद पडतो, म्हणजे हल्लेखोराला हवं तेच घडतं.

हल्ल्याची उपकरणं येतात कुठून?

बहुतेकदा घराघरांतून आणि ऑफिसांतून. मूळ पासवर्ड न बदललेले राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे सहज ताब्यात घेता येतात. २०१७ मध्ये अशाच मूळ पासवर्डमुळे बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने निकामी केले होते.

कारखान्याने काय तपासावं?

दुसरं कनेक्शन घेताना फक्त कंपनीचं नाव वेगळं असून भागत नाही. दोघांची बँडविड्थ एकाच ठिकाणून येते का, दोन्ही केबल एकाच चरातून जातात का, हे विचारावं. एकच चर असेल तर हल्लेखोराची गरजच नाही, रस्ता खोदणारा एक जेसीबी पुरतो. निदान बिलिंगच्या संगणकासाठी वेगळ्या कंपनीचं मोबाइल डेटा कार्ड ठेवावं. सगळ्यात स्वस्त सोय तीच.

एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डीडॉससारखा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. इंटरनेट कंपनी आपल्याला किती वेळात कळवेल, हे मात्र करार करतानाच लिहून घ्यावं.