औषधदान आणि मुळशीची वाट

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने सांगितली. मुळशी तालुक्यात मात्र औषधाआधी वाटेचा प्रश्न उभा राही. १९२१ च्या सत्याग्रहानंतरही धरण झाले, मुळेचे खोरे जलमय झाले आणि वस्त्या डोंगरउतारांवर विखुरल्या. आजारी लेकराला झोळीत घालून पौडची वाट धरावी लागे.

२०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बालकास मोफत वाहन दिले. २०१४ साली १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरांसह राज्यभर धावू लागल्या. तथापि गाडी सडकेपर्यंतच येते. दुर्गम वाडीपासून सडकेपर्यंत बालकास आजही माणसाचाच खांदा लागतो. तो खांदा वेळेवर पुढे होणे, हेच औषधदान व तेच अभयदान होय.